फ्रान्सचे कालवे आणि नद्या, स्वतः बोट चालवून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सला जायचं म्हटलं की आपल्याकडे पॅरिस, आयफेल टॉवर आणि तिथून पुढे स्वित्झर्लंड अशीच आखणी बहुतेक वेळा होते. त्याच देशात व्हीएनएफ (व्हॉय नाव्हिगाब्ल द फ्रान्स) ही सरकारी संस्था सुमारे ६,७०० किलोमीटर कालवे आणि नद्या सांभाळते. यातल्या बऱ्याच जलमार्गांवर सहा-आठ जणांचं कुटुंब स्वतः बोट चालवत आठवडाभर फिरू शकतं. झोपायला, स्वयंपाकाला आणि अंघोळीला जागा बोटीतच असते. त्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बेत आखताना अंतर मोजण्याआधी वाटेतले लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे, दारं असलेले हौद) मोजा, ही गोष्ट उत्तरांमध्ये पुन्हा पुन्हा येईल.

बोट चालवायला परवाना लागतो का?

भाड्याच्या बोटीला नाही. भाड्याने देणारी कंपनी तुम्हाला बोट समजावून सांगते, थोडं अंतर तुमच्याकडून चालवून घेते आणि त्या सहलीपुरतं एक कार्ड देते. कायद्याच्या दृष्टीने तेवढं पुरतं.

बोट स्वतःची असेल आणि इंजिन ४.५ किलोवॉटपेक्षा मोठं असेल, तर मात्र परवाना हवा. फ्रेंच नागरिक अंतर्गत जलमार्गांचा परवाना काढतात. परदेशी बोटमालकांकडे बहुधा आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असतं आणि त्यावर सेव्हनी, म्हणजे युरोपच्या जलमार्गांच्या नियमांची परीक्षा पास झाल्याची नोंद असते. वीस मीटरपेक्षा लांब बोटीला वेगळा, वरचा परवाना लागतो.

आयुष्यात कधी बोट चालवलेली नाही. जमेल?

जमेल. कालव्यावर वेगमर्यादा साधारण ताशी ६ ते ८ किलोमीटर असते, म्हणजे काठावरून भराभर चालणारा माणूस तुमच्या बरोबरीने जातो. मोटार चालवणाऱ्याला दोन गोष्टींची सवय करावी लागते. बोटीला ब्रेक नसतो, थांबवायचं तर इंजिन उलटं फिरवावं लागतं. आणि सुकाणू फिरवलं की आधी मागचा भाग सरकतो, तोही क्षणभर उशिरा. नवखा माणूस त्या क्षणात घाबरतो आणि चाक आणखी फिरवतो, मग बोट नागमोडी जायला लागते. थोडं फिरवा, थांबा, काय होतंय ते बघा. पहिल्या दुपारी एवढं साधलं की पुरे.

कालव्यात उजवीकडून जायचं. मालवाहू बोट समोर आली तर वाट तिची. ती वजनदार असते, लवकर थांबू शकत नाही, आणि तिच्यावरच्या माणसाचं ते पोट आहे. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना वेग अगदी कमी करा. तुमच्या लाटेने त्यांचे जमिनीत ठोकलेले खुंटे उपटले जातात.

लॉक म्हणजे नेमकं काय, आणि त्यातून बोट न्यायची कशी?

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, दारातल्या झडपा उघडून पाणी भरायचं किंवा सोडायचं, पातळी सारखी झाली की पुढचं दार उघडायचं. कालवा डोंगर चढतो-उतरतो तो अशा हौदांच्या जिन्यावरून. पंप नाही, काही नाही, सगळं काम पाण्याच्या वजनावर. फ्रान्समधल्या पुष्कळ लॉकचं माप एकसारखं, सुमारे ३९ मीटर लांब आणि ५.२० मीटर रुंद आहे. सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी १८७९ च्या कायद्याने ते ठरवलं, म्हणून ३८.५ मीटरच्या मालवाहू बोटीला आजही 'फ्रेसिने मापाची' म्हणतात.

वर चढताना एका माणसाला लॉकच्या आधीच काठावर उतरवा. हौद रिकामा असताना भिंत डोक्याच्या बरीच वर असते आणि खालून दोर फेकून वरच्या खुंट्यात अडकवणं नवख्याला जमत नाही. वरच्या माणसाने दोर खुंट्याभोवती फिरवून टोक पुन्हा खाली द्यायचं. पाणी आत शिरताना पुढून जोरात येतं आणि बोटीला मागे ढकलतं, त्यामुळे पुढचा दोर सतत ताणून, वाढणाऱ्या पाण्याबरोबर ओढून घ्यायचा.

खाली उतरताना पाणी शांत असतं, पण धोका जास्त असतो. दोर खुंट्याला कधीही गाठ मारून बांधू नका. पाणी उतरतं, बोट दोराला लटकते आणि तिरकी होते. दोर खुंट्याभोवती एक वेढा देऊन हातात धरायचा आणि हळूहळू सोडत जायचं. दुसरं, वरच्या दाराखाली पाण्यात दगडी उंबरठा असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. बोटीचा मागचा भाग त्यावर राहिला तर पाणी उतरल्यावर बोट तिथेच अडकते. भिंतीवर बहुधा त्याची खूण रंगवलेली असते, तिच्या पुढे राहा. आणि बोट भिंतीवर घासायला लागली तर हातापायाने ढकलायला जाऊ नका. बोटीच्या बाजूला लटकणारे फेंडर त्यासाठीच आहेत. काही टन वजनाची बोट आणि दगड यांच्यामध्ये हात किंवा पाय सापडणं म्हणजे सहल संपली.

काही लॉकवर माणूस असतो, काही आपोआप चालतात. आपोआप चालणाऱ्यांपैकी बऱ्याच ठिकाणी लॉकच्या आधी पाण्यावर एक रबरी दांडा लोंबत असतो. जाता जाता तो हाताने पिळला की लॉकला वर्दी मिळते. लाल दिवा म्हणजे थांबा, लाल-हिरवा एकत्र म्हणजे तुमच्यासाठी तयारी चालू आहे, हिरवा म्हणजे आत या.

दिवसाला किती अंतर होतं?

इथेच सगळ्यांचा हिशेब चुकतो. नकाशावर शंभर किलोमीटर बघून लोक म्हणतात, दोन दिवसांचं काम. एका लॉकला, रांग नसेल तर, साधारण पंधरा मिनिटं धरा. समोरून बोट येत असेल तर आणखी. त्यात हंगामातही लॉक साधारण सकाळी ९ ते संध्याकाळी ७ एवढेच चालतात आणि पुष्कळ कालव्यांवर दुपारच्या जेवणाची सुट्टी असते. ती सुट्टी खरीच असते. साडेबाराला दोन मिनिटं असताना पोचलात तरी दार तासाभराने उघडेल. भाड्याच्या बोटीला रात्री चालवायची परवानगी नसते.

म्हणून आधी वाटेतले लॉक मोजा, त्यांना पंधरा मिनिटांनी गुणा, मग किलोमीटर. दिवसाला चार-पाच तास पाण्यावर असा बेत ठेवला तर गावं बघायला वेळ उरतो. सात तासांचा बेत केला तर सगळेजण आठवडाभर दोरच ओढत राहतात. आणि बोट घेतली त्याच ठिकाणी परत करायची असेल, तर येताना तेच लॉक पुन्हा लागणार हे धरूनच मधला दिवस ठरवा.

पहिल्यांदा कोणता कालवा घ्यावा?

बहुतेकांच्या तोंडी एकच नाव असतं, कनाल दु मिदी. ते नाव त्याने कमावलेलं आहे. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या थो सरोवरापर्यंत २४० किलोमीटरचा हा कालवा १६६६ ते १६८१ या काळात बांधला गेला. पियेर-पॉल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी. अटलांटिक आणि भूमध्य समुद्र जोडायचे तर मधल्या उंचवट्यावर कालव्याला पाणी कुठून द्यायचं, हा प्रश्न त्याने सोडवला. मोंतान्य न्वार डोंगरातले ओढे वळवून त्याने सुमारे १९० मीटर उंचीवरच्या नोरुझला आणले आणि साठ्यासाठी सँ-फेरेओलचं मोठं धरण बांधलं. तिथून पाणी दोन्ही बाजूंना उतरतं. स्वतःचा पैसाही त्याने यात घातला आणि कालवा पुरा होण्याआधी, १६८० मध्ये तो वारला. १९९६ पासून हा कालवा युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

इथले जुने लॉक लंबगोल आहेत. सुरुवातीचा एक सरळ भिंतींचा लॉक मातीच्या दाबाने कोसळला, तेव्हा रिकेने भिंतींना बाक दिला. पण त्या बाकामुळे आत बोट सरळ उभी राहत नाही, दोर सैल सोडला की ती फिरायला बघते. बेझिएजवळ फोंसेरानला असे लॉक एकाला एक जोडून टेकडी उतरतात, सुमारे २१ मीटर. तिथे चढायच्या आणि उतरायच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आदल्या दिवशी बघून ठेवा. तिथून जवळच माल्पासचा बोगदा आहे, १६५ मीटरचा, कालव्यासाठी टेकडी पोखरून काढलेला. जुलै-ऑगस्टमध्ये या भागात गर्दी फार असते आणि लॉकपुढे तासभर थांबणं नेहमीचं.

माझ्या मते पहिल्या खेपेला कनाल दु निव्हेर्ने जास्त चांगला. ओसेरपासून देसीझच्या बाजूला १७४ किलोमीटर. मोर्व्हानच्या जंगलातलं जळाऊ लाकूड पॅरिसला पोचवायच्या गरजेतून तो निघाला, आणि क्लामसी हे त्या लाकडाच्या धंद्याचं गाव. अरुंद आणि शांत कालवा आहे, काही भागात योन नदीच्या कुशीतून जातो. बरेच लॉक अजून हाताने चालतात. लॉकवाला एका बाजूचं दार फिरवतो, तुम्ही उतरून दुसऱ्या बाजूचं चाक फिरवा. हे बंधन नाही, पण केलंत तर वेळही वाचतो आणि माणूस बोलायला लागतो. माथ्यावर सार्डीजवळ सोळा लॉकची रांग आहे. त्यासाठी अख्खा दिवस ठेवा आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

बुर्गोन्य कालवा २४२ किलोमीटरचा, त्यावर १८९ लॉक. आकडे ऐकूनच कळेल की हा धीराच्या लोकांसाठी आहे. पुई-आं-ओक्स्वा इथे तीन किलोमीटरहून लांब बोगदा आहे, एकेरी वाहतुकीचा. आधी कळवावं लागतं आणि बोटीवर दिवा व लाइफ जॅकेट लागतात.

पूर्वेला मार्न-ऱ्हाईन कालव्यावर आर्झव्हिलेजवळ एक विलक्षण यंत्र आहे. १९६९ पर्यंत तिथे १७ लॉक उतरायला जवळजवळ दिवस जायचा. आता पाण्याने भरलेली एक अवाढव्य टाकी, बोट आत तरंगत असतानाच, रुळांवरून उतारावर सरकते आणि ४४.५५ मीटरचा फरक काही मिनिटांत संपतो. बोटीत बसून दरी हळूहळू वर येताना दिसते. जुन्या लॉकची दरी अजून तशीच आहे, चालत जाता येतं. पुढे साव्हेर्न आणि मग स्ट्रासबुर्ग. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा कालवा सगळ्यात सोयीचा.

ब्रियारचा जलसेतू मात्र कुठूनही वाकडी वाट करून बघावा. १८९६ चा, ६६२ मीटर लांब, लोखंडी पन्हळीतून कालवा चक्क ल्वार नदीवरून जातो. त्याचे दगडी खांब आयफेल यांच्या कंपनीने बांधले. शेजारच्या रोन्यी गावात चौथ्या हेन्री राजाच्या काळात सुरू झालेले सात जुने लॉक आता कोरडे पडले आहेत, पण जागेवर आहेत.

कालवा घ्यावा की नदी?

नदीत लॉक कमी आणि पाणी रुंद, पण प्रवाह असतो. पावसानंतर तो किती वाढेल हे त्या दिवशीच कळतं. सोन नदी संथ आणि नवख्यांना मानवणारी. लोत आणि शारांत नद्या फारच सुंदर, पण तिथे बऱ्याच लॉकवर माणूस नसतो, सगळं तुम्हालाच फिरवावं लागतं. लोतवर काओरचा चौदाव्या शतकातला बुरुजांचा पूल बोटीतून पाहायला मिळतो. योनवर काही लॉकच्या भिंती तिरक्या आहेत, तिथे बोट मधोमध ठेवावी लागते. ऱ्होन नवख्यांसाठी नाही. प्रवाह जोरकस, मिस्ट्राल वारा त्याहून जोरकस आणि लॉक प्रचंड. बोलेनचा लॉक एका दमात सुमारे २३ मीटर उतरवतो.

नदीत काठाला लागायचं तर बोटीचं तोंड प्रवाहाच्या विरुद्ध वळवून लागायचं, म्हणजे प्रवाहच तिला थांबवतो.

कधी जावं?

मे, जून आणि सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी आणि भाडं तिन्ही चढलेलं असतं. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कालवे आळीपाळीने बंद ठेवतात आणि भाड्याच्या बोटीही साधारण मार्च-एप्रिल ते ऑक्टोबरच मिळतात. १ मे रोजी लॉक बंद असतात, तारखा ठरवताना हा दिवस विसरू नका.

पाऊस कमी झाला तर उन्हाळ्यातही कालव्याचा एखादा टप्पा बंद होतो, २०२२ मध्ये बऱ्याच ठिकाणी तसं झालं. दर वेळी लॉक चालला की वरचा हौदभर पाणी खाली जातं, आणि ते डोंगरावरच्या तलावातून भरून यावं लागतं. तलाव खाली गेला की आधी बोटींना एकत्र करून सोडतात, मग वेळा कमी करतात, मग बंद. लॉकपुढे दुसऱ्या बोटीसाठी थांबायला सांगितलं तर कारण हेच असतं. व्हीएनएफ अशा सूचना नेहमी जाहीर करते, निघण्याआधीच्या आठवड्यात बघाव्यात.

कनाल दु मिदीवरची झाडं तोडली, हे खरं का?

खरं आहे, आणि तिथे जाणाऱ्याने हे माहीत करून जावं. काठावर एकेकाळी सुमारे ४२,००० प्लेन वृक्ष होते. २००६ मध्ये त्यांच्यावर एका बुरशीचा रोग सापडला. ती झाडाच्या आतल्या नळ्या बंद करते आणि झाड काही वर्षांत वाळतं. मुळं एकमेकांत गुंतलेली असल्याने रोग शेजारच्या झाडात जातो, बोटींचे दोर आणि धक्के यांनी झालेल्या जखमांतूनही शिरतो. उपाय नाही. आजारी झाड आणि आसपासची झाडं तोडून जाळावी लागतात. हजारो झाडं अशी गेली आणि त्या जागी वेगवेगळ्या जातींची रोपं लावली जात आहेत.

ही झाडं नुसती शोभेची नाहीत. मुळांनी काठ धरून ठेवलेला असतो आणि सावलीमुळे पाणी कमी आटतं. काही पट्टे आज पार उघडे आहेत आणि ते बघून वाईट वाटतं. म्हणून एकच विनंती, बोट झाडाला बांधू नका. तिथे ते निषिद्धच आहे. बोटीत खुंटे आणि हातोडा दिलेला असतो, तो वापरा.

रात्री कुठे थांबायचं? वीज-पाण्याचं काय?

मनाई नसेल तिथे काठाला, किंवा गावातल्या धक्क्यावर. लहान गावांत साधे थांबे असतात, मोठ्या ठिकाणी बोटींचे बंदर. तिथे पैसे देऊन वीज आणि पिण्याचं पाणी मिळतं. नळ दिसला की बोटीची टाकी भरून घ्या. सहा माणसांच्या अंघोळी झाल्या की ती वाटतं त्यापेक्षा लवकर संपते. कालव्यात पोहायला मनाई आहे, आणि पाणी बघितलंत तर इच्छाही होणार नाही.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं कसं?

बोटीत गॅस, फ्रीज आणि भांडी असतात, त्यामुळे हॉटेलपेक्षा इथे शाकाहारी माणूस जास्त सुखी. पोहे, डाळी, मसाले, पापड घरून न्या. तूप, पेढे, बर्फी, पनीर मात्र नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यावर बंदी आहे आणि सापडले तर टाकून देतात. लोणी तिथे उत्तम मिळतं, बोटीवरच कढवा.

भाजी गावच्या आठवडी बाजारात घ्या. बाजार सकाळी भरतो आणि दुपारी उठतो, म्हणून कोणत्या गावाचा कोणता वार ते आधी काढून ठेवा. रविवारी दुपारनंतर खेड्यात काहीच उघडं नसतं. पाव रोज सकाळी ताजा आणा, सायकली भाड्याने घेतल्या असतील तर दोन-तीन किलोमीटरचं काही वाटत नाही. बोटी ओढण्यासाठी केलेली जुनी वाट काठाने जाते, ती बहुतेक ठिकाणी सायकलीला छान आहे.

लहान मुलं आणि आजी-आजोबांना झेपेल?

मुलांना डेकवर सतत लाइफ जॅकेट, यात सूट नाही. लॉकमध्ये मुलांनी एका ठरलेल्या जागी बसायचं. वयस्कांसाठी बोट निवडताना किती पायऱ्या आहेत ते विचारा. काही बोटींत सगळं एका पातळीवर असतं, काहींत झोपायला खाली आणि सुकाणूला वर जावं लागतं. ज्यांना पायऱ्यांचा त्रास आहे त्यांना सुकाणूवर बसवा, हे काम त्यांना छान जमतं आणि दोर तरुणांनी सांभाळावेत. तातडीच्या मदतीसाठी ११२.

खर्चात काय काय येतं?

आठवड्याचं भाडं ही फक्त सुरुवात. इंधन बहुधा इंजिन किती तास चाललं त्यावर वेगळं लावतात. अनामत रक्कम किंवा तिच्याऐवजी विमा, शेवटची सफाई, सायकली, मोटार ठेवायची जागा, आणि बोट दुसऱ्या ठिकाणी सोडणार असाल तर तेही. सगळं लेखी मागवून मगच दोन कंपन्यांची तुलना करा. जलमार्गाचा कर भाड्याच्या बोटीत धरलेला असतो. बोट स्वतःची असेल तर तो बोटीच्या मापावर आणि मुदतीवर व्हीएनएफकडे भरावा लागतो.

भारतातून जायचं तर व्हिसा कोणता?

नेहमीचा शेंगेन, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. राहण्याचा पुरावा म्हणून बोटीच्या बुकिंगचं पत्र जोडा. त्यावर तारखा आणि सगळ्या प्रवाशांची नावं असावीत. बोट घेण्याआधीच्या आणि नंतरच्या रात्रीचं हॉटेलही दाखवा, नाहीतर तारखांमध्ये खंड दिसतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो.

फ्रेंच येत नाही, अडेल का?

नाही. पण लॉकवाल्याला आधी 'बोंझुर' म्हणा, मग जे काय विचारायचं ते विचारा. तोडक्यामोडक्या बोलण्याचं कुणाला काही वाटत नाही, नमस्कार न करता कामाचं बोललेलं खटकतं.

पॅरिसमधून बोट नेता येते?

स्वतःची बोट आणि अनुभव असेल तर हो. सेनवर प्रवासी बोटींची वर्दळ मोठी, रेडिओ हवाच. बास्तीयजवळच्या आर्सेनाल बंदरात मुक्काम करता येतो आणि तिथून सँ-मार्ताँ कालवा सुरू होतो. १८२५ साली खुला झालेल्या या साडेचार किलोमीटरच्या कालव्यातले सुमारे दोन किलोमीटर रस्त्याखालून जातात. तो व्हीएनएफकडे नाही, पॅरिस शहराच्या ताब्यात आहे. भाड्याच्या बोटीने हा बेत करू नका, बहुतेक कंपन्या परवानगी देत नाहीत.

स्वतःची शिडाची बोट अटलांटिकहून भूमध्य समुद्रात कालव्यातून नेता येईल?

येईल, डोलकाठी उतरवून. बोर्दोपासून भरतीबरोबर गारोन नदीने कास्ते-आं-दोर्त, तिथून १९३ किलोमीटरचा गारोन कालवा तुलूझपर्यंत आणि पुढे कनाल दु मिदी. स्पेनला वळसा वाचतो. अडचण दोन मापांची. बोटीचा तळ पाण्यात किती खोल जातो, आणि डोलकाठी आडवी ठेवल्यावर वरची उंची किती उरते. कनाल दु मिदीवरचे पूल कमानीचे आहेत. मधोमध उंची आहे, पण कडेला ती झपाट्याने कमी होते, त्यामुळे चौकोनी केबिनचे कोपरे आधी आपटतात. कापेस्तांगचा पूल त्यासाठी प्रसिद्ध आहे. बोटीच्या दोन्ही कडांची उंची पाण्यापासून मोजून ठेवा आणि त्या हंगामातली पाण्याची खोली व्हीएनएफकडून विचारून घ्या. थो सरोवर मात्र वारा पडलेला असतानाच ओलांडा. तिथे काठ दिसत असला तरी पाणी उघडं आहे आणि लाटा आखूड आणि उंच येतात.